व्हॉल्व्हवरची कुलपं

४ फेब्रुवारी

ती. मामा,

पाकीट बघून घाबरू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. फोनच करणार होते, पण फोनवर मी ओरडते, तू ओरडतोस, आणि शेवटी काय ठरलं ते दोघांनाही कळत नाही. म्हातारपणी तुझे कान गेले म्हणून तरी भाचीचं अक्षर बघायला मिळतंय, असं समज.

काम असं आहे. आमच्या लाँड्रीतले मोठे फिटर नोकरी सोडून गेले आणि देखभालीचं सगळं घोंगडं माझ्या गळ्यात पडलं. बॉयलरची खोली आणि इस्त्रीचा हॉल यांच्या मधल्या भिंतीवर वाफेचा रेग्युलेटर आहे. बॉयलरकडून दांडगी वाफ येते, तो तिचा जोर कमी करून पुढे हॉलमध्ये सोडतो. त्याची स्प्रिंग आता थकलीये. दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा सारखा डुलतो, आणि आई त्याच भिंतीला लागून पहिल्या टेबलावर उभी असते. तिची इस्त्री कधी गार पडते, कधी पाणी थुंकते. घरी आल्यावर मग मला ऐकवते, जणू ती स्प्रिंग मीच थकवलीये.

ती बदलायचीये. मी आजवर दुसऱ्यांच्या हातात पाने देत आले, स्वतः एकदाही रेग्युलेटर उघडलेला नाही. तू खतांच्या कारखान्यात असले शेकडो उघडलेस. तर नीट, पायरीपायरीने लिही. उपदेश कमी, पाने-बोल्ट जास्त.

तुझी भाची


९ फेब्रुवारी

चि. भाचीबाई,

आशीर्वाद आहेतच, त्यासाठी वेगळी ओळ खर्च करत नाही.

आधी कुलूप, मग पाना. बॉयलरकडचा व्हॉल्व्ह बंद कर, हॉलकडचाही कर, कारण वाफ पुढच्या पाइपातूनही उलटी येऊ शकते. व्हॉल्व्हला अडकवायची एक लोखंडी कडी मिळते, तिला कुलपांसाठी पाच-सहा भोकं असतात. त्यातल्या एकात तुझं कुलूप घाल. आमच्याकडे रीत अशी होती, की त्या लाइनमुळे ज्याच्या ज्याच्या जिवाला धोका, त्याने त्याने आपलं कुलूप लावायचं आणि ज्याचं त्यानेच काढायचं. चावी खुंटीवर नाही, ऑफिसात नाही, स्वतःच्या खिशात. कोणी कितीही गोड बोललं तरी.

मग खालची तोटी उघडून पाइप रिकामा कर. गेज शून्यावर आलं म्हणून भुलू नकोस, काटे अडकतात. तोटीतून काही येईनासं झालं आणि रेग्युलेटरच्या अंगावर तळहात ठेवता आला, तरच तो निवला म्हणायचा.

त्यानंतर वरचा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू उलटा फिरव, अगदी सैल, बोटाने गरागरा फिरेल इतका. इथेच लोक मार खातात. स्क्रू तसाच ठेवून टोपणाचे बोल्ट काढले की आतली स्प्रिंग टोपणासकट वर येते. दाबलेली स्प्रिंग कोणाची नातेवाईक नसते. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे सैल करत जा. त्यातले दोन इतरांपेक्षा लांब असतील, ते सर्वांत शेवटी. तोंड टोपणावर आणायचं नाही, बाजूला उभं राहायचं. स्प्रिंगच्या खालची चकती सांभाळ, आणि तिच्याखालच्या पातळ पत्र्याच्या पडद्याला चीर नाही ना ते उजेडात धरून बघ.

बसवताना स्क्रू सैलच ठेव. वाफ सोडताना तोटी उघडी, व्हॉल्व्ह हळूहळू. पाइप तापला, पाणी निघून गेलं, की मग गेजकडे डोळे लावून स्क्रू आत घे.

आणि मुख्य राहिलंच. स्प्रिंगवर रंगाचा पट्टा असतो. रंग म्हणजे तिचा जोर. रेग्युलेटरच्या पाटीवर जो रंग लिहिलाय, तोच नवीन हवा. कुठला आहे ते कळव.

तुझ्या आईला, आमच्या धाकटीला सांग, इस्त्री थुंकली तर भाचीवर ओरडायचं, मशीनवर नाही.

तुझा मामा


१७ फेब्रुवारी

ती. मामा,

उघडला. एकटीने, तू सांगितलंस तसाच. लांब बोल्ट शेवटी काढले आणि टोपण नुसतं हातात आलं, आवाजसुद्धा नाही. मला इतका आनंद झाला की कोणाला तरी सांगावंसं वाटलं, पण बॉयलरवाला वर्तमानपत्र वाचत होता.

आता दुसरं. पाटीवर हिरवा लिहिलाय, जुनी स्प्रिंग हिरवी होती, तिचं एक वेटोळं तडकलंय. मॅनेजर साहेबांनी नवीन आणून दिली ती लाल. मला वाटलं दुकानदाराने चूक केली. चूक वगैरे काही नाही, मुद्दाम मागवलीये. चादरींसाठी एक मोठं रोलर मशीन येतंय, त्याला जास्त जोराची वाफ लागते आणि त्याचं कनेक्शन याच लाइनवर घ्यायचंय. मी म्हटलं, त्या मशीनला वेगळा पाइप आणि वेगळा रेग्युलेटर द्या, हॉलमध्ये हातइस्त्रीच्या रबरी नळ्या आहेत, त्यांना एवढा जोर झेपणार नाही. ते म्हणाले, वेगळ्या लाइनला दोन महिने लागतील आणि मशीन पुढच्या आठवड्यात येतंय.

मी लाल बसवली नाही. रेग्युलेटर उघडा आहे, त्याच्या तोंडाला स्वच्छ फडकं बांधलंय, व्हॉल्व्हवर माझं कुलूप आहे आणि चावी माझ्या गळ्यात आहे. हॉलमधल्या बायका सध्या हाताने घड्या घालतायत. सगळ्यांना वाटतंय की सुटा भाग यायचाय. आईलाही तेच वाटतंय, आणि तिला तसंच वाटू दे. तिला कळलं तर ती रात्रंदिवस माझ्या नोकरीची काळजी करेल, स्वतःची नाही करणार.

तुझी भाची


२२ फेब्रुवारी

चि. भाचीबाई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. टोपण शांतपणे निघालं ते वाचून छाती फुगली.

बाकीचं वाचून मात्र वाटलं, की तू जरा दमाने घ्यावंस. नळ्या बदलल्या असतील तर? तू पाहिल्यास का नवीन की जुन्या? मॅनेजर म्हणजे काही शत्रू नसतो, त्याच्यावरही वर कोणीतरी बसलेलं असतं. शिवाय पहिल्यांदा एकटीने एवढं मोठं काम अंगावर आलं की माणूस बिचकतं, आणि बिचकलेलं माणूस नाही म्हणायला चांगलं कारण शोधतं. मीही शोधली आहेत. यात लाजण्यासारखं काही नाही. नोकरी मिळवायला तुला किती खेटे घालावे लागले ते विसरू नकोस.

मी एक-दोन दिवस तिकडे येऊन जावं म्हणतो. धाकटीला बरेच दिवसांत भेटलो नाही. तोवर चिडून काही करू नकोस.

तुझा मामा


२६ फेब्रुवारी

मामा,

आज आशीर्वाद नको आणि नमस्कारही नको.

साहेबांनी सकाळी सगळ्यांसमोर जाहीर केलं, की गुरुवारी बाहेरून एक अनुभवी फिटर येतोय, तो लाल स्प्रिंग बसवून देणार. कोण ते विचारलं तर हसून म्हणाले, तुमच्याच घरचे आहेत. धाकटीला बरेच दिवसांत भेटलो नाही म्हणे! साहेबांचं पत्र तुला आलं होतं आणि तू त्यातला एक शब्द मला कळवला नाहीस. तुझा पत्ता त्यांना कोणी दिला, ठाऊक आहे? आईने. त्यांनी विचारलं, तुमचे भाऊ मोठे फिटर होते ना, आणि तिने कौतुकाने लिहून दिला. तिला वाटलं, लेकीच्या मदतीला भाऊ येतोय.

मी बिचकले म्हणतोस. बिचकले असते तर लाल बसवून मोकळी झाले असते, तेच सोपं होतं. नळ्या मी पाहिल्यात, सगळ्यांवर दाबाची हद्द पाच बार छापलीये, लाल त्याच्या कितीतरी पुढे जाते, आणि निम्म्यांवर तर छापलेलंही पुसत आलंय. साहेबांना कळत नाही असंही नाही. चांगलं कळतं. म्हणूनच त्यांनी मला आपणहून सांगितलं, की जोर वाढला तर जादा वाफ बाहेर सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह उडत राहील, तेव्हा तोही आवळून टाक. हे मी तुला आधी लिहिलं नाही, कारण तू काळजी करशील. तू मला लिहिलं नाहीस, कारण मी चिडेन. छान घराणं आहे आपलं.

ये गुरुवारी, नाही म्हणत नाही. पण चावी मागू नकोस. मामा म्हणून मागितलीस तरी नाही मिळणार, आणि उस्ताद म्हणून मागितलीस तर तूच लिहिलेलं पत्र तुला वाचायला देईन.

तुझी भाची


१ मार्च

चि. भाचीबाई,

सेफ्टी व्हॉल्व्ह आवळायला सांगितलं, हे वाचलं आणि तुझी सगळी पत्रं पुन्हा काढून बसलो.

साहेबांनी मला लिहिलं होतं, की पोरगी गुणी आहे पण उघडलेला रेग्युलेटर बंद करायला घाबरते, एकदा करून दाखवा. मी ते खरं धरलं. तुझ्यापेक्षा त्यांच्यावर विश्वास ठेवला, कारण त्यांचं म्हणणं मला जास्त सोयीचं वाटलं. यापुढे तुला विचारल्याशिवाय तुझ्याबद्दल काही धरून चालणार नाही.

तरी येतो. पण तुझ्या शब्दावर नाही आणि त्यांच्याही नाही, नळ्या आणि पाटी स्वतःच्या डोळ्यांनी बघणार. चावी तुझ्याच गळ्यात राहू दे. धाकटीला एवढ्यात काही बोलू नकोस, उगीच हाय खाईल. मीही तिच्यासमोर चकार शब्द काढणार नाही.

तुझा मामा


१९ मार्च

ती. मामा,

पोचल्याचं तुझं कार्ड मिळालं. त्यात तू लिहितोस, की 'मी शांतपणे पाहिलं, तुझ्या कानात सांगितलं, साहेबांना नम्रपणे नाही म्हटलं आणि बस पकडली.' वाचून मी आणि आई पोट धरून हसलो. तू तिथे होतास खरा, पण मागे काय बोललं गेलं त्यातलं तुला काही ऐकू आलं नाही. तू गेल्यावर जे झालं ते तर तुला माहीतच नाही. म्हणून सगळं लिहिते.

तू हॉलमध्ये जाऊन प्रत्येक नळी बोटाने चाचपलीस. बायकांना वाटलं, आईचा भाऊ चौकस आहे. मग बॉयलरच्या खोलीत आलास, पाटीवरची धूळ पुसलीस, लाल स्प्रिंग हातात घेऊन तोललीस. आणि माझ्याकडे वाकून तू जे कानात सांगितलंस ना, ते मामा, अख्ख्या लाँड्रीने ऐकलं. स्वतःचा आवाज तुला ऐकू येत नाही हे मी कसं विसरले, कोण जाणे. मशीनं बंद, हॉलमध्ये बायका गुपचूप घड्या घालतायत, मधे एक भिंत, आणि तुझा तो कुजबुजता आवाज: "ही बसवली तर नळ्या फुटणार, आणि पहिली धाकटीच्या टेबलाची फुटणार. पण तिला यातलं काही कळू देऊ नकोस."

भिंतीपलीकडचे हात थांबले. मला ते जाणवलं. तू मात्र फडक्याने बोटं पुसत होतास.

साहेब तुझ्या पाठीशी उभे होते. ते म्हणाले, या बहिऱ्याला बोलावून मी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. तू मान डोलावलीस. मग मला म्हणाले, की संध्याकाळपर्यंत चावी टेबलावर आली नाही तर उद्यापासून यायचं नाही. तू पुन्हा मान डोलावलीस, म्हणून तर ते आणखी भडकले. त्यानंतर तू वळलास आणि फाटकापर्यंत ऐकू जाईल अशा नम्रपणे म्हणालास, "साहेब, हिरवी मागवा. लाल मी बसवणार नाही, आणि ही पोरगी बसवणार नाही याचा मला अभिमान आहे." ते ऐकून माझे डोळे भरून आले. तेवढ्यात तुझी बसची वेळ झाली म्हणून तू निघालास, नाहीतर तुझ्या गळ्यातच पडणार होते.

तू फाटकाबाहेर पडला असशील नसशील, तोच आई बॉयलरच्या खोलीत आली. तिने मला एवढंच विचारलं, पहिली फुटणार ती माझ्याच टेबलाची ना. मी हो म्हटलं. मला वाटलं, आता रडेल किंवा मला म्हणेल, चावी देऊन टाक. ती मागे फिरली, कपाटाकडे गेली आणि आपल्या पिशवीच्या खणाचं ते टीचभर कुलूप घेऊन आली. म्हणाली, तुझ्या मामाच्या कारखान्यात कशी रीत होती ते मला ठाऊक आहे, तो जेवताना दुसरं काही बोलायचाच नाही. आणि तिने ते कुलूप माझ्या कुलपाशेजारी कडीत घालून दाबलं. चावी पोलक्यात टाकली.

मग दुसऱ्या टेबलावरची आली, तिसऱ्या टेबलावरची आली. घड्या घालणाऱ्या आल्या. एकीने सायकलचं कुलूप आणलं. कडीची भोकं संपली, तर शेवटच्या भोकात आणखी एक कडी अडकवून पुढची कुलपं तिच्यात. सगळ्यांत मागून मळके कपडे वेचणाऱ्या आजी आल्या. त्यांच्याकडे कुलूपच नव्हतं, म्हणून त्या दोन कुलपांच्या मधे हात ठेवून उभ्या राहिल्या, आणि किती सांगितलं तरी स्टूल घेईनात.

साहेब आले, पाहिलं, वेल्डरला कटर घेऊन बोलावलं. वेल्डरने विचारलं, कोणाचं कुठलं. प्रत्येकीने आपापलं दाखवलं. त्याची बायको चौथ्या टेबलावर असते, ते साहेबांच्या लक्षात नव्हतं. त्याने कटर काखेत मारला आणि चहाला गेला.

मॅनेजर काही शत्रू नसतो, असं तू लिहिलं होतंस. नसेलही. त्या दिवशी मालकांचे फोनवर फोन येत होते आणि हॉस्पिटलच्या चादरी न्यायला आलेल्या गाड्या दारात उभ्या होत्या. ते मला म्हणाले, तुम्हाला माझी अडचण कळत नाही. मी म्हटलं, कळते, पण तुमच्या अडचणीसाठी नळीजवळ मी माझी आई उभी करणार नाही, आणि दुसऱ्या कोणाचीही नाही.

मला मेमो आला आहे. शिस्तभंग, वरिष्ठांचा आदेश मोडणे, वगैरे. चावी दिली नाही हे खरं का, असं विचारलंय. मी उत्तर लिहिलं, की होय, दिली नाही, आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा देणार नाही. पुढे काय होईल ते माहीत नाही. मेमोचं उत्तर आईने वाचलं आणि फक्त एक वेलांटी सुधारली.

कुलपं निघेनात, म्हणून शेवटी साहेबांनी हिरवी स्प्रिंग मागवली, ती काल आली. रोलर मशीनसाठी वेगळ्या लाइनचं मोजमापही घेऊन गेले. मी पडदा पुसला, चकती बसवली, हिरवी बसवली, स्क्रू सैल ठेवून टोपणाचे बोल्ट समोरासमोर आवळले. सेफ्टी व्हॉल्व्हच्या सीलला कोणी हात लावला नाही ना, ते सगळ्यांदेखत तपासलं. मग कुलपं निघायला लागली. जिचं तिने काढलं. आजींनी काल पुन्हा येऊन ठेवलेला हात काढला. मी माझं काढलं. शेवटी कडीत एकच उरलं, आईचं.

आई म्हणाली, काढते, पण वाफ पहिल्यांदा सोडताना साहेबांनी पहिल्या टेबलापाशी उभं राहायचं. नळीच्या शेजारी, मी उभी राहते तिथेच.

साहेब म्हणाले, हा काय पोरखेळ आहे. गाड्या दारात होत्या. थोडा वेळ ते घड्याळाकडे बघत राहिले, मग गेले आणि पहिल्या टेबलापाशी उभे राहिले. आईने कुलूप काढलं, त्यांच्या शेजारी जाऊन पदर खोचला. मी तोटी उघडी ठेवून व्हॉल्व्ह हळूहळू सोडला. पाइप ठोके द्यायला लागला, तसे साहेब नळीपासून एक पाऊल मागे सरले. पाणी निघून गेलं, पाइप गप्प झाला. मी स्क्रू आत घेत गेले, काटा वर चढला, जिथे हवा तिथे थांबला, आणि या खेपेला डुलला नाही. आईने इस्त्री उचलून एका चादरीवरून फिरवली. कडक, कोरडी.

साहेबांच्या कपाळावर घाम होता. रुमालाने तो टिपत त्यांनी आईला विचारलं, "झालं समाधान?"

आई म्हणाली, "आम्ही इथे रोज उभ्या असतो. उद्याही या."

तुझी भाची